मानेतून वर चढणारी डोकेदुखी फिजिओथेरपीने खरंच जाते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की आठवड्यातून तीन-चारदा डोकं दुखतं, उजव्या बाजूला मानेच्या वरच्या खळग्यातून सुरू होतं आणि चढत चढत डोळ्याच्या मागे येऊन बसतं, सोसायटीत दिवसभर कॉम्प्युटरवर काम, डोळे तपासून झाले, पित्ताची औषधं झाली, एक्सरे काढल्यावर मानेत गॅप आहे म्हणाले, मग दहा दिवस शेक आणि करंट घेतला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि परत जैसे थे. तर फिजिओथेरपीने हे जातं का नुसते पैसेच जातात, आणि जायचं तर कुठे जायचं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, निपाणीत बसतो, बेळगावला पण येणं-जाणं असतं, आणि "डॉक्टर, मानेपासून डोकं दुखालंय बघा" हे वाक्य मी रोज ऐकतो. जातं. म्हणजे तुम्ही वर्णन केलंय तसल्या डोकेदुखीत बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो. खरं तुम्ही दहा दिवस जे घेतलंत ती फिजिओथेरपीची अर्धी बाजू पण नव्हती. शेक, करंटचं मशीन, मानेला पट्टा लावून ताण देणं, यानं दुखणं थोडा वेळ दबतं. मी पण लावतो, पेशंटला आवडतं, मशीन लावलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं लोकांना. पण मानेतला जो स्नायू कमजोर पडलाय तो पलंगावर निवांत पडून कसा काय सुधारणार, त्याला काम द्यायला पाहिजे की.

आता मान दुखते तर डोळ्यामागे का कळ येते, हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी निघणाऱ्या नसा आणि चेहरा, कपाळ, डोळ्याच्या भागातून येणारी नस, या दोन्ही मेंदूच्या खालच्या बाजूला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन घरांची तक्रार एकाच खिडकीवर जाते म्हणा. मेंदूला नेमकं कळत नाही की ओरडतंय कोण, त्यामुळे बिघाड मानेत आणि ठणका डोळ्यामागे. याला सर्व्हायकोजेनिक हेडेक म्हणतात. हे साधारण एकाच बाजूला राहतं, मान फिरवली किंवा बराच वेळ एकाच स्थितीत ठेवली की वाढतं, आणि मान त्या बाजूला पूर्ण वळत नाही, गाडी मागे घेताना जाणवतं. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतंय.

पण सगळी डोकेदुखी मानेची नसते, इथेच लोक फसतात. डोक्याला दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं, जड जड, ते टेन्शन टाईप. त्यातही मान-खांदे भरलेले असतात आणि व्यायामाचा उपयोग होतो. अर्धशिशी वेगळी. ती ठणकते, मळमळ होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, जिना चढला तरी वाढते, चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. आपल्याकडे उलटी झाली की "पित्त झालंय" म्हणून मोकळे होतात, खरं त्यातल्या बऱ्याच जणांना सरळ अर्धशिशीच असते. अर्धशिशीत पण मान दुखते, म्हणून मान चोळून अर्धशिशी बरी होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिथे औषध लागतं, सोबत नियमित व्यायाम चालतो. स्वीडनमधल्या २०११ च्या एका अभ्यासात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं सायकलिंग करणाऱ्यांचे झटके रोजची प्रतिबंधक गोळी घेणाऱ्यांइतकेच कमी झाले होते, म्हणजे व्यायामाला अगदीच हलक्यात घ्यायचं कारण नाही.

तपासताना एक साधी गोष्ट आम्ही करतो. पेशंटला उताणं झोपवून हनुवटी पूर्ण छातीकडे वाकवायची आणि तशीच ठेवून डोकं एकदा उजवीकडे एकदा डावीकडे फिरवायचं. मान वाकलेली असताना बाकीचे मणके अडकून राहतात, फिरतात ते मुख्यतः वरचे पहिले दोन. चांगल्या मानेत दोन्हीकडे ४०-४५ अंशांपर्यंत फिरतं, आणि ज्यांचं डोकं वरच्या मणक्यांमुळे दुखतं त्यांचं दुखऱ्या बाजूला दहाएक अंश तरी आधीच अडकतं, कधी कधी तिथेच "हां हां, हेच दुखणं" असं पेशंट स्वतःच म्हणतो. तुम्हाला दहा दिवस शेक दिला खरं कुणी असं मान फिरवून बघितलं का? नसेल बघितलं तर तपासणीच अजून बाकी आहे. आणि ते एक्सरेतलं गॅप-बिप डोक्यातून काढा. चाळिशीच्या पुढे ज्यांचं काहीएक दुखत नाही त्यांच्याही एक्सरेत झीज दिसते. हातात मुंग्या येणं, हाताची ताकद कमी होणं असं काही असेल तर वेगळी गोष्ट, मग एमआरआय वगैरे बघावं लागतं.

उपचाराचं बोलायचं तर, ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलिन जुल यांच्या टीमने २००२ साली मानेमुळे डोकं दुखणाऱ्या २०० लोकांवर एक अभ्यास केला होता. काहींना हाताने सांधे मोकळे करण्याचे उपचार, काहींना मानेचे हलके व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. सहा आठवडे उपचार आणि वर्षभर लक्ष. उपचार घेतलेल्यांची डोकेदुखी कमी झाली आणि वर्षानंतरही तो फरक टिकून होता. आणि त्यात व्यायाम कुठले होते म्हणाल तर वजनं उचलायची नव्हती, अगदी क्षुल्लक वाटावेत असले होते.

त्यातला मुख्य सांगतो कारण हाच लोक नव्वद टक्के चुकीचा करतात. उताणं झोपायचं, गुडघे वाकवून, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी. आता डोकं टॉवेलवरून न उचलता हळूच "होय" म्हणल्यासारखी मान हलवायची, हनुवटी गळ्याकडे थोडीशीच सरकली पाहिजे. गळ्याच्या दोन्ही बाजूंना कानामागून छातीच्या हाडाकडे येणारे दोन जाड स्नायू असतात, त्यांच्यावर बोटं ठेवा, ते टणक झाले म्हणजे तुम्ही जोर लावताय, तेवढा जोर नको. काम आतल्या बारीक स्नायूंनी करायचं आहे, जे मणक्याला चिकटून असतात आणि अशा डोकेदुखीवाल्यांचे बऱ्याचदा झोपी गेलेले असतात. पाच सेकंद धरा, जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत न्या, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दात आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. पहिल्या आठवड्यात पेशंट हमखास म्हणतो, यात काय व्यायाम झाला, घामसुद्धा येत नाही. नाहीच येणार. मी हे करतानाचा त्यांचाच व्हिडिओ त्यांच्याच मोबाईलवर काढून देतो, कारण व्यायामाचे छापील कागद एकतर इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, आणि गावाकडची माणसं घडी करून खिशात ठेवतात ते तिथेच राहतं.

याच्या जोडीला खांद्याची पाती मागे-खाली ओढून धरायचा व्यायाम, पाठीचा वरचा भाग खुर्चीच्या पाठीवरून मागे वाकवणं, आणि टॉवेलची कड कवटीच्या हाडाच्या जरा खाली धरून तिच्या आधाराने मान फिरवायचा एक प्रकार, तो वरच्या मणक्यासाठी फार चांगला आहे. पण हा शेवटचा वाचून किंवा व्हिडिओ बघून करू नका, टॉवेल कुठे धरायचा आणि कुठल्या दिशेला ओढायचा हे एकदा समोर बसून शिकून घ्या, नंतर आयुष्यभर घरी करा. गळपट्टा, म्हणजे तो कॉलर, महिनोन् महिने घालून बसू नका, स्नायू आणखी ढिले पडतात.

आणि एक हात जोडून विनंती, सलूनमध्ये दाढी झाल्यावर कटकन् मान मोडून घेतात ना, ते बंद करा. बरं वाटतं मान्य आहे, खरं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जाते, झटक्याने ती आतून फाटल्याचे आणि अर्धांगवायू झाल्याचे प्रकार वैद्यकीय नोंदींत आहेत. क्वचित होतं, पण दाढीसोबत फुकट मिळतंय म्हणून घ्यायची ती गोष्ट नव्हे.

परत परत का होतं, तर आपण दिवसभर काय करतो त्यामुळे. व्हॉट्सॲपवर ते चित्र फिरतं बघा, मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो, ते २०१४ मधलं कॉम्प्युटर मॉडेलवरचं गणित आहे, त्यावरून मोबाईल बघितला म्हणजे मान गेलीच असं ठरत नाही. माझं मत विचाराल तर वाकण्यापेक्षा तासन् तास न हलणं जास्त नडतं. निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायका बघा, मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि पानं, मान खाली ती खालीच, हजार विड्यांमागे मजुरी म्हणल्यावर उठणार कोण. त्यांना "ताठ बसा" सांगून काय उपयोग, काम मांडीवर आहे तर डोळे मांडीकडेच जाणार. एका अक्कांना मी सुपाखाली दोन पाट ठेवायला लावले आणि पाठ भिंतीला टेकवून बसायला सांगितलं. पानं कातरायची त्या आधी सगळी कातरून ठेवायच्या आणि मग नुसतं वळत बसायच्या, ते बदलून थोडं कातरणं थोडं वळणं असं करायला लावलं, म्हणजे हात आणि मान दोन्ही हलत राहतात. व्यायामापेक्षा त्या पाटांनीच जास्त काम केलं असं त्याच म्हणतात. बेळगावात शहापूर-वडगावकडच्या विणकामाच्या मागावरच्या लोकांचं आणि उद्यमबागेत मशीनवर उभं राहणाऱ्यांचं पण असंच, प्रत्येकाची अडचण वेगळी, जाऊन नाहीतर फोटो मागवून बघावी लागते.

तुमच्या बाबतीत मला विचारायचंय की चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह आहे का? असेल तर खालच्या काचेतून स्क्रीन बघायला तुम्ही हनुवटी वर उचलत असणार, आणि दिवसभर मान अशी मागे मोडून ठेवली की कवटीखालचे ते बारीक स्नायू आवळून जातात. सोसायटी-बँकेतल्या पन्नाशीच्या लोकांत हे मी इतक्यांदा बघितलंय की आता आधी चष्माच मागतो बघायला. स्क्रीन खाली घ्या नाहीतर कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा साधा चष्मा करून घ्या. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, कुणाशी तरी दोन शब्द बोलून या, साहेब काय म्हणतील ते म्हणू देत. सुपारी किंवा गुटखा दिवसभर चघळत असाल तर तेही सांगा डॉक्टरला, जबड्याचे स्नायू कानशिलापर्यंत असतात, ते दमले की कानशिलं ठणकतात आणि माणूस मान शेकत बसतो. उशीचं म्हणाल तर दोन जाड उशा आणि पालथं झोपणं, एवढं टाळलं तरी पुरे, महागड्या उशीच्या नादी लागू नका.

गोळ्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून शंका येते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त, अन् दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मेडिकलमधून सुटी गोळी घेऊन चहासोबत टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तसं असेल तर नुसत्या व्यायामाने भागणार नाही, आधी डॉक्टरच्या सल्ल्याने गोळ्या कमी कराव्या लागतील, आणि पहिले काही दिवस दुखणं वाढल्यासारखं वाटेल, त्यात माघार घेऊ नका.

काही लक्षणं असतील तर फिजिओकडे येऊच नका, थेट दवाखाना गाठा. अचानक मिनिटभरात आयुष्यात कधी नव्हतं असं भयंकर डोकं दुखलं, तापासोबत मान ताठ झाली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, दोन-दोन दिसायला लागलं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवीन डोकेदुखी आली, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. गरोदर बाईचं डोकं जास्त दुखत असेल तर बीपी त्याच दिवशी बघा.

कुठे जायचं विचारलंत, तर बेळगावात नेहरूनगरला केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथे ओपीडी चालते, शिकणारी मुलं असतात त्यामुळे वेळ देऊन तपासतात. जवळच्या गावात बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेले कुणी असतील तर तेही चालतील, फक्त पहिल्याच दिवशी विचारा की मला व्यायाम शिकवणार का नुसतं मशीन लावणार, आणि मान फिरवून बघितल्याशिवाय मशीन लावायला निघाले तर दुसरं कुणी हुडका. सहा आठवडे धरून चला, सुरुवातीला आठवड्यातून दोन सिटिंग, नंतर एक, बाकी सगळं घरी. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. आणि आजपासून एका वहीत तारीख, कुठली बाजू, किती वेळ, त्या दिवशी काय काम केलं आणि कुठली गोळी घेतली एवढं लिहायला लागा, जाताना वही आणि गोळ्यांची पाकिटं दोन्ही घेऊन जा, नाहीतर तिथे गेल्यावर "ती पांढरी गोळी" एवढंच आठवतं.