घरात दोन म्हशी, तरी फॉर्मवर ‘कुपोषणाचा धोका’?

कोल्हापुरात मुलांच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला सारखा येतो. पोरगं निमोनियासाठी अॅडमिट, दिसायला गुटगुटीत, आणि फॉर्मवर आम्ही लिहितो ‘मध्यम धोका’. मग आईबाप बिथरतात, साहजिकच आहे.

मागच्या पावसाळ्यात कागलकडची एक फॅमिली आली होती, मुलगा तीन वर्षांचा. आज्जी तर भांडायलाच उठल्या, “ओ मॅडम, दावणीला दोन म्हशी हायत, आमचं पोरगं कुपोषित कसं असंल?” म्हटलं आज्जी, बसा आधी, कुपोषित आहे असं कुणीच म्हटलेलं नाही. दंडाचा घेर चौदा सेंमीच्या वर होता, साडेबाराच्या खाली गेला की आम्हाला काळजी. पण आईच्या पर्समधल्या लसीकरणाच्या कार्डावर महिन्यापूर्वीचं वजन होतं १३.१ किलो आणि आमच्या काट्यावर भरलं १२.३. त्यात चार दिवस नीट जेवण नाही.

आम्ही स्ट्राँगकिड्स नावाची पद्धत वापरतो, त्यात चारच गोष्टी बघतात. मूल बघताक्षणी खंगलेलं वाटतंय का, खाणं कमी झालंय किंवा उलट्या-जुलाब जास्त आहेत का, वजन घटलंय किंवा वाढायचं थांबलंय का, या तिन्हीला एकेक गुण, आणि किडनी, हृदय, कॅन्सर असा मोठा आजार असेल तर दोन. शून्य म्हणजे कमी धोका, एक ते तीन मध्यम, चार-पाच जास्त. याला दोन मिळाले, एक वजनाचा, एक खाण्याचा. म्हशी किती आहेत हे त्यात कुठंच विचारत नाहीत 😄 कारण बघायचं असतं ते या आजारपणात पोरगं पुढं किती घसरेल.

“पण सलाईन चालू हाय की, ताकद मिळतीया,” आज्जी म्हणाल्या. हे तर जवळपास प्रत्येक घरात ऐकते. साध्या पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत शंभर कॅलरीपण नसतात आणि या वयाच्या पोराला दिवसाला हजाराच्या आसपास लागतात, म्हणजे पाणी जातंय, जेवण नाही. आणि इकडं ताप म्हणून नुसती पेज, खोकला म्हणून केळं बंद, दही बंद, अंडं “उष्ण” म्हणून बंद. राहिलं काय? चहा-बिस्कीट!

डॉक्टरांशी बोलून मऊ मुगाची खिचडी वर चमचाभर तूप, उकडलेलं अंडं कुस्करून, शेंगदाण्याचं बारीक कूट घालून भात असं ठरवलं, दर दोन-तीन तासांनी चार-पाच घास, जबरदस्ती नाही. दूध जेवणानंतर, आधी दिलं की पोट भरतं आणि पोरगं ताटाकडं बघतपण नाही. आठवड्यात दोनदा वजन. सुट्टी झाली तेव्हा वजन १२.३ वरच होतं, पण घसरण थांबली होती आणि मला तेवढंच हवं होतं.

घरी गेल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, असं आज्जींनाच सांगितलं कारण चूल त्यांच्या हातात. आणि डिस्चार्ज कार्डावर वजन लिहिलेलं नसेल तर मागून घ्या, पुढच्या महिन्यात अंगणवाडीत काट्यावर बसवल्यावर ताडून बघता येतं.