फेब्रुवारीतला वाफा उपटू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मेथी फुलली, कोथिंबिरीला पांढरे तुरे आले, तर आता सगळं उपटून भेंडी-गवार लावू का, असं विचारलंयस. मी म्हणते, थांब. निदान अर्धा वाफा तसाच राहू दे.

नाशिकचा फेब्रुवारी फसवा. दुपारी ऊन चटकतं, पण पहाटेचा गारठा गेलेला नसतो. निफाडचा पारा किती खाली जातो ते दर हिवाळ्यात ऐकतोच आपण. भेंडीच्या बियाला उबदार माती लागते. गार मातीत ते नुसतं पडून राहतं, मग कुजतं. पहाटे बाहेरच्या नळाचं पाणी हाताला झोंबेनासं झालं की बी रात्रभर भिजत घाल आणि लाव. शिवरात्रीच्या आसपास बहुतेक ती वेळ येते.

तोवर त्या फुललेल्या कोथिंबिरीपाशी थोडा वेळ बसत जा. तुऱ्यांवर मधमाश्या दिसतील, आणि ढालकिडेही. लाल पाठीवर काळे ठिपके असतात ना, ते. हा किडा आणि त्याची काळपट अळी, दोघंही मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खातात. वालावर मावा दिसला म्हणून लगेच औषध मारलंस तर मावा खाणारेच आधी मरतील. फारच झाला तर पाण्याचा जोरदार फवारा मारून झाडून टाक.

धणे हिरवे आहेत तोवर थोडे खुडून घे. बाजारात हे सहसा मिळत नाहीत, म्हणून घरच्या वाफ्याचं मला एवढं कौतुक! पानाचा ओला वास आणि धण्याचा खमंगपणा एकाच दाण्यात असतो. हिरवी मिरची, लसूण, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर ठेच, वरून लिंबू पिळ. मिक्सर नको, त्यात त्याचा लगदा होतो.

आता बियाणं. सगळ्यात आधी फुललेल्या रोपाचे धणे आधी तयार होतात, आणि हात तिकडेच जातो. ते मसाल्याच्या डब्यात टाक. जे रोप सगळ्यात उशिरा फुललं, ज्यानं जास्त दिवस पानं दिली, त्याला आजच रंगीत दोरा बांध. पेरायचे धणे त्याचे. लवकर फुलायची खोड बियातून पुढच्या रोपात उतरते. पेरताना धणा हलका रगडून त्याच्या दोन डाळ्या कर, प्रत्येकीत एक बी असतं. मेथीच्या शेंगा पिवळ्या पडून वाळल्या की सकाळी काप, उन्हात तडकून दाणे सांडतात. संकरित टोमॅटोचं बी मात्र धरू नकोस, पुढचं फळ तसं येत नाही.

आणि मेथी, वाटाणा, हरभरा शेवटीही उपटायचे नाहीत, जमिनीलगत कापायचे. मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांत नत्र असतं. ते मातीतच राहू दे, तुझ्या भेंडीच्या कामी येईल.

हरभऱ्याचे घाटे भरले असतील तर वाळायची वाट बघू नकोस. सोलाण्याची आमटी कर. सोलाणे थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत परत, अर्धे जाडसर वाट, अर्धे अख्खे ठेव. कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून वाटायचं आणि आपला घरचा काळा मसाला. सोबत बाजरीची गरम भाकरी हवी. ऊन वाढलं की बाजरी नकोशी होते, त्यामुळे याच आठवड्यात कर.

बियाच्या पुडीवर रोपाचं नाव, महिना आणि वर्ष लिही. उशिरा फुललेल्या कोथिंबिरीचे मूठभर धणे मलाही ठेव, यंदा माझ्या वाफ्यात तेच लावीन.

तुझी,
मावशी