काकूंची बरणी : संत्र्याचा जॅम कडू का होतो?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं, तुमच्या घरी कुठल्या चवीच्या जॅमची किंवा जेलीची बरणी आधी संपते? उत्तरं थोडी आली, तक्रारीच जास्त. चला, तक्रारींपासूनच सुरुवात करू.

काकू, काटोलहून घरच्या बागेतली संत्री आली होती, त्यांचा जॅम केला. गॅसवरून उतरवला तेव्हा गोड होता, दुसऱ्या दिवशी कडूजहर! साखर वाढवून पाहिली, कडूपणा जाईना. संत्री तर चांगली गोड होती. — एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

साखरेनं तो जाणारच नाही बाई. पैज लावते, तुम्ही फोडी बियांसकट मिक्सरमधून काढल्या असणार. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं. फळ अख्खं असेपर्यंत त्या द्रव्याला चव नसते. रस निघाला की त्यातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. उष्णता मिळाली की हे आणखी भराभर होतं. घरी काढून ठेवलेला संत्र्याचा रस संध्याकाळपर्यंत कडवट लागतो तो यामुळेच.

तेव्हा फोडी सोला, बी काढा, पापुद्रा काढा आणि आतला रसाळ गर तेवढा लगेच गॅसवर चढवा. काम किचकट आहे. घरातल्या रिकामटेकड्यांना टीव्हीसमोर बसवून करून घ्यावं.

पण खरं सांगू? नागपुरी संत्र्याचा नुसता जॅम मला आवडत नाही. 2014 मध्ये आपल्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण म्हणून त्याचं सगळंच चांगलं होतं असं थोडंच आहे? शिजवलं की त्याचा वास उडतो आणि उरते नुसती गोडी. वास राहतो सालीत. म्हणून मी मार्मालेड करते, म्हणजे सालीसकट केलेला जॅम. सालीच्या आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडायचा, साल अगदी बारीक, दोऱ्यासारखी चिरायची, पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, पुन्हा नवं पाणी घालून उकळायचं. साल दोन बोटांत सहज चिरडली पाहिजे. साखर त्यानंतरच घाला, आधी घातली तर साल चामड्यासारखी होते.

विलायतेत मार्मालेडला स्पेनमधल्या सेव्हिलची कडू संत्री घेतात. त्यांची साल जाड, त्यात पेक्टिन भरपूर. पेक्टिन म्हणजे जॅम-जेली घट्ट धरून ठेवणारा फळातला चीक. आपल्या संत्र्याची साल ढिली आणि पातळ, तिच्यात तेवढा दम नाही. म्हणून लिंबाच्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर थोड्या पाण्यात ठेवते. सकाळी ते पाणी बुळबुळीत झालेलं असतं. ते आणि लिंबाचा रस, दोन्ही भांड्यात जातं. आणि फळ आंबिया बहाराचं घ्या, दिवाळीच्या आसपास येतं ते. जरा आंबटसर असतं. फेब्रुवारी-मार्चमधलं मृग बहाराचं संत्रं गोड, ते बसून खावं.

जांबाची जेली जमलीच नाही. पातळ पाक झालाय. आता काय करू? जांब छान पिकलेले, मऊ घेतले होते. — एक वाचक, वर्धा

तिथंच घोटाळा झाला. (पुण्याकडच्या वाचकांनो, जांब म्हणजे तुमचा पेरू.) फळ पिकून मऊ झालं की त्यातलं पेक्टिन कमी होतं आणि आंबटपणाही उतरतो. जेलीला दोन्ही हवं. गोकुळपेठेच्या बाजारात मी जांब दाबून बघते, तर भाजीवाली म्हणते, ‘‘कडक काहून घेऊन राहिल्या काकू, हे घ्या ना पिकलेले!’’ मी कडकच घेते, आणि वासापुरते एखाद-दोन पिकलेले.

सालीसकट फोडी करायच्या, बुडतील एवढंच पाणी घालायचं, अर्धा तास मंद शिजू द्यायचं. घोटायचं नाही. मग मलमलच्या फडक्यात टांगून ठेवायचं आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं. फडकं पिळायचा मोह होतोच. पिळलं की निवळी गढूळ होते आणि जेलीतून पलीकडचं दिसत नाही.

साखर घालण्याआधी एक परीक्षा घ्या. एक चमचा गार निवळीत दोन चमचे स्पिरिट घालून हलकेच फिरवा. एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे, वाटीला वाटी साखर चालेल. तुकडे-तुकडे झाले तर पाऊण वाटी घ्या. बारीक कण्याच आल्या तर निवळी आणखी आटवा. हे चाखायचं नाही, मोरीत ओतून द्यायचं.

साखर विरघळल्यावर लिंबू पिळा आणि मोठ्या आचेवर पटकन आटवा. रेंगाळत तासभर उकळलं तर पेक्टिनच मोडतं, म्हणून थोडी थोडी करावी. झाली कशी ओळखायची? उलथनं आडवं धरा. पाकाचे थेंब वेगवेगळे न पडता दोन थेंब मिळून पदर सुटला की गॅस बंद. थर्मामीटरवाल्यांसाठी : पुस्तकात 105 अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. नागपूर तीनशे मीटरच्या वर आहे, इथं पाणीच शंभरच्या जरा आत उकळतं. त्यामुळे आपल्याकडे 104 ला थांबलं तरी चालतं.

तुमचा पाक फेकू नका. कडक जांबांची थोडी निवळी नव्यानं काढा, त्यात हा पाक आणि लिंबाचा रस मिसळून पुन्हा आटवा. तरीही नाहीच जमली तर सोड्यात घालून पाहुण्यांना सरबत द्या, कोणी विचारत नाही.

सीताफळाचा जॅम कसा करावा? — एक वाचक, अमरावती

करू नये. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, रंगही बिघडतो. गर काढून फ्रीझरमध्ये ठेवा, रबडीत घाला.

मुलगा बाजारचा मिक्स्ड फ्रूट सोडून दुसरी कुठलीच चव खात नाही. त्यात नक्की काय असतं? — एक आई, मनीषनगर, नागपूर

बाटली उलटी करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पपई, केळं, सफरचंद यांच्यावर बहुतेकांचं भागतं. नियमानं जॅममध्ये निदान 45 टक्के फळ असावं लागतं, स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला 25 टक्के चालतं. त्यात वाईट काही नाही, पण मुलाला जी चव आवडते ती मुख्यतः साखर आणि सायट्रिक आम्लाची. पपई-सफरचंदाचा घरी करून लिंबू जरा सढळ हातानं पिळा आणि जुन्या बाटलीत भरून ठेवा. बोलू नका काही.

काकू, सगळ्यांना सांगता, तुमची स्वतःची आवडती चव कुठली? — कॉलेजची एक विद्यार्थिनी, भंडारा

अगं, तू भंडाऱ्याची आणि मला विचारतेस? लाल अंबाडीच्या बोंडांची जेली! थंडीत बाजारात ढीग लागतात आणि लोक चटणीपलीकडे जात नाहीत. लाल पाकळ्या हिरव्या बोंडावरून सोलून घ्यायच्या, बुडेल एवढ्या पाण्यात उकळायच्या, गाळायच्या. रंग घालायला नको, लिंबू नको, पेक्टिनची चिंता नको, सगळं तिच्यात आहे. मी वाटीभर निवळीला पाऊण वाटीच साखर घालते, कारण जिभेला आधी आंबट लागलं पाहिजे. स्ट्रॉबेरीचं कौतुक करणाऱ्यांनी, अगदी आपल्या चिखलदऱ्याच्या स्ट्रॉबेरीचंसुद्धा, एकदा ही ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्याबरोबर खाऊन बघावी.

बोंडांचे दिवस निघून गेले असतील तर शिवरात्रीला कवठं येतातच. त्याचीही जेली अशीच, फक्त गर शिजवताना पाणी दुपटीनं घाल आणि भांड्यापासून हलू नकोस, ती फार लवकर धरते.