वाचकांचे प्रश्न : सीझन तिकीट पुन्हा घ्यावे की सोडावे?

फुटबॉलचा हंगाम संपत आला की क्लबांकडून सीझन तिकिटाच्या, म्हणजे संपूर्ण हंगामातील घरच्या सामन्यांसाठी एकदाच घ्यायच्या तिकिटाच्या, नूतनीकरणाची पत्रे येऊ लागतात, आणि पुष्कळदा संघाचे अंतिम स्थान ठरण्याच्या आधीच पैसे भरण्याची मुदत येऊन ठेपते. त्यामुळे या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच विवंचना वेगवेगळ्या रूपांत दिसते. ज्यांच्या उत्तरांचा इतर वाचकांनाही उपयोग होईल, अशी काही पत्रे या अंकासाठी निवडली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे बरीच वर्षे सीझन तिकीट आहे. या हंगामात आमचा संघ खालच्या श्रेणीत घसरला. घरच्या मैदानावर एकामागून एक पराभव पाहिले आणि शेवटी शेवटी तर तिकीट हातात असूनही काही सामन्यांना गेलो नाही. तरीही सोडायला मन धजत नाही. इतकी वर्षे पैसे भरले, ते सारे वाया जातील असे वाटते.

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरी गाठ तिथे बसली आहे. आजवर भरलेले पैसे आपण पुढचे तिकीट घेतले तरी परत येणार नाहीत आणि सोडले तरी येणार नाहीत. त्या पैशांच्या बदल्यात जे सामने पाहायचे ते पाहून झाले आणि त्यांचा आनंद पदरात पडला. तो आता कोणी काढून घेऊ शकत नाही. हे समजायला सोपे असले, तरी भरलेल्या पैशांची ओढ मोठी चिवट असते. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याविषयीचा एक प्रयोग आहे, आणि तोही सीझन तिकिटांवरच केलेला आहे. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचे तिकीट घ्यायला आलेल्या लोकांपैकी काहींना ते पूर्ण किमतीला देण्यात आले, तर काहींना त्यांनी न मागता सवलत देण्यात आली. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेल्यांनी सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना हजेरी लावली. उत्तरार्धात मात्र हा फरक उरला नाही. पैशांची टोचणी माणसाला काही महिने ओढून नेते, पण वर्षभर पुरत नाही. हंगामाच्या शेवटी आपले पाय मैदानाकडे वळले नाहीत, त्यातही हेच दिसते.

दुसरी गोष्ट भाकिताची. संघ पुढच्या वर्षी सावरेल की आणखी खाली जाईल, या अंदाजावर निर्णय बेतू नये, कारण तो अंदाज कोणालाच नीट करता येत नाही. लेस्टर सिटी २०१४-१५च्या हंगामात बराच काळ प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधील सर्वांत वरच्या श्रेणीच्या, तळाशी होता आणि शेवटच्या काही आठवड्यांत कसाबसा वाचला. त्या उन्हाळ्यात ज्यांनी तिकीट चालू ठेवले, त्यांना पुढच्याच वर्षी विजेतेपद पाहायला मिळाले. आणि तोच क्लब २०२३ साली खालच्या श्रेणीत गेला. संडरलँडचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. लागोपाठ दोन हंगामांत दोन श्रेणी खाली येऊन हा क्लब २०१८ साली तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला ब्रॅडफर्ड सिटीविरुद्धच्या सामन्याला ४६,०३९ प्रेक्षक आले होते. पुन्हा प्रीमियर लीगमध्ये पोहोचायला क्लबला २०२५ उजाडावे लागले. ब्रॅडफर्डविरुद्धच्या त्या सामन्याला आलेल्यांना बढतीची हमी कोणी दिलेली नव्हती; सामना होता आणि संघ आपला होता, एवढ्यावर ते आले होते.

म्हणून आपण एक काम करावे. गेल्या हंगामातील घरच्या सामन्यांची यादी समोर घ्यावी आणि प्रत्येक सामन्यापुढे तीनपैकी एक खूण करावी : गेलो आणि बरे वाटले, जायचे म्हणून गेलो, गेलो नाही. ज्या सामन्यांना गेला नाहीत, त्यांच्यापुढे कारण लिहावे. नोकरीची पाळी, आजारपण किंवा ऐनवेळी बदललेली सामन्याची वेळ अशी कारणे निघाली, तर आपले मन संघावरून उडालेले नाही आणि तिकीट चालू ठेवण्यास हरकत नाही. ‘हरणारच होतो, कशाला जायचे’ हे कारण पुन्हा पुन्हा आले, तर मात्र एक हंगाम सुट्या तिकिटांवर काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खालच्या श्रेणीत गेलेल्या संघाच्या सामन्यांची सुटी तिकिटे सहसा पूर्वीपेक्षा सहज मिळतात, त्यामुळे जागा हातची जाईल ही भीती या वर्षी तरी कमी आहे.

हिशेब करताना सामन्यांची संख्याही पाहावी. प्रीमियर लीगमध्ये २० संघ असल्यामुळे घरचे सामने १९ होतात. त्याखालच्या श्रेणीत २४ संघ असल्यामुळे ते २३ होतात. म्हणजे दर सामन्यामागचा खर्च उतरतो, पण आठवड्याच्या मधल्या रात्रीचे सामने वाढतात. ज्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जावे लागते, त्यांनी हे वाढीव सामने आपल्या हिशेबात धरूच नयेत.

प्रश्न : आमच्या क्लबाने सलग दुसऱ्या वर्षी तिकिटाचे दर वाढवले आहेत. निषेध म्हणून आम्ही काही जण नूतनीकरण न करण्याच्या विचारात आहोत. त्याने क्लबाला काही फरक पडेल का?

उत्तर : आपला संताप रास्त आहे. वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसाची निष्ठा गृहीत धरून दर वाढवणे मला अन्यायाचे वाटते. परंतु आपण विचारले आहे ते परिणामाविषयी, आणि तो तिकीट सोडणारे किती व त्यांची जागा घ्यायला थांबलेले किती, यावर ठरतो. प्रतीक्षा यादी लांबलचक असेल, तर आपली खुर्ची दुसऱ्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाला दिली जाईल आणि आपण का गेलात हे क्लबाला कळणारही नाही. मूकपणे सोडलेल्या तिकिटाला निषेध म्हणता येत नाही.

खुर्ची हातात ठेवूनही निषेध करता येतो. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या हजारो पाठीराख्यांनी संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला उठून स्टेडियम सोडले, कारण पुढच्या हंगामासाठी क्लबाने सर्वांत महाग तिकिटाचा दर ७७ पौंड ठरवला होता. ते उठले तेव्हा त्यांचा संघ दोन गोलांनी पुढे होता आणि सामना अखेर २-२ असा बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी तो दर मागे घेतला आणि माफी मागितली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरवली. तीही पाठीराख्यांच्या संघटनांनी दीर्घकाळ रेटलेल्या मागणीमुळेच. रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या दूरचित्रवाणीवर साऱ्या जगाला दिसतात, आणि त्या रिकाम्या करण्यासाठी आधी त्यांवर बसलेले असावे लागते.

सोडूनच जायचे, तर जाण्यालाही काही आकार असावा. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतल्यावर काही पाठीराखे बाहेर पडले आणि त्यांनी एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सदस्यांच्या मालकीचा क्लब उभा केला. शनिवारची दुपार कुठे घालवायची, याचे उत्तर त्यांनी स्वतःच तयार केले. आपल्या गटाने एवढी तयारी केलेली नसेल, तर आधी पाठीराख्यांच्या संघटनेत जावे, आपले म्हणणे सह्यांनिशी लेखी द्यावे आणि मुदतीपूर्वी क्लबाशी बैठक मागावी. त्यातून काही निघाले नाही, तर तिकीट सोडताना कारण लिहूनच सोडावे.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र शेजारी-शेजारी बसतो. यंदा दोघांनी सोडायचे ठरवले आहे. उरलेल्या दोघांनी घ्यावे का?

उत्तर : फक्त सोबतीसाठी जात असाल तर घेऊ नये, खेळासाठी जात असाल तर घ्यावे आणि क्लब जागा बदलण्यासाठी जे काही दिवस देतो, त्या दिवसांत दोघांना एकत्र राहता येईल अशी जागा मागून घ्यावी. मित्र गेले म्हणजे सगळी सोबत गेली, असेही नाही. वर्षानुवर्षे पुढच्या रांगेत बसणारे गृहस्थ, ज्यांचे नाव कदाचित अजून विचारलेले नाही, पण गोल झाला की जे मागे वळून आधी आपला हात धरतात, तेही सीझन तिकिटातच मिळालेले असतात. सुट्या तिकिटावर दर वेळी वेगळ्या जागी बसणाऱ्याला तो शेजार लाभत नाही.

प्रश्न : वडिलांनीच मला पहिल्यांदा सामन्याला नेले. आजही आम्ही दोघे जोडीने जातो, पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. आमची रांग वरच्या बाजूला आहे. ते म्हणतात, ‘तू तुझे घे, मला टीव्ही पुरे.’ त्यांच्याशिवाय जाणे मला पटत नाही आणि त्यांना ओढून नेणेही पटत नाही.

उत्तर : ‘मला टीव्ही पुरे’ हे वाक्य शब्दशः घेऊ नये. आपल्यामुळे मुलाची अडचण होऊ नये, म्हणून वडीलधारी माणसे असे बोलतात. टीव्हीही सर्वस्वी पुरा पडतोच असे नाही. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळात सामन्यांचे थेट प्रक्षेपण करता येत नाही, त्यामुळे दुपारी तीनचा सामना पाहायचा तर मैदानावरच जावे लागते.

तेव्हा आधी हे शोधून काढावे, की त्यांना सामना नकोसा झाला आहे की पायऱ्या. पुढच्या सामन्याला त्यांच्याकडे नीट लक्ष द्यावे. फाटकातून आत आल्यावर पहिला जिना चढताना ते कितीदा कठड्याला धरून थांबतात, मध्यंतरात स्वच्छतागृहाकडे जायचे टाळून जागेवरच बसून राहतात का, समोरचे लोक उभे राहिले की उठण्याची धडपड करतात की खाली बसून नुसता आवाज ऐकतात, हे पाहावे. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. हिल्सबरो स्टेडियममधील १९८९च्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतील स्टेडियममध्ये सर्वांना बसूनच सामना पाहण्याची सक्ती झाली होती. २०२२ पासून परवाना असलेल्या भागांत, कठडे लावलेल्या जागी, उभे राहण्यास पुन्हा मुभा मिळाली आहे. जे हौसेने उभे राहतात त्यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे, परंतु त्याच भागात जागा असलेल्या वृद्ध माणसाला पूर्ण वेळ समोर पाठीच दिसतात. आपली रांग अशा भागात असेल, तर जागा बदलणे हाच उपाय आहे.

अडचण पायऱ्यांची निघाली, तर तिकीट सोडण्याचे कारण नाही. क्लबाच्या तिकीट कार्यालयात जाऊन, शक्य तर वडिलांना बरोबर घेऊन, कमी पायऱ्यांच्या किंवा लिफ्टजवळच्या दोन जागा मागाव्यात. पुष्कळ क्लबांत अपंग प्रेक्षकांच्या सोयीसाठी वेगळा कर्मचारी असतो, आणि पात्र ठरणाऱ्या प्रेक्षकाच्या सोबत्याला विनामूल्य प्रवेश देण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे; गुडघ्यांचा त्रास त्यात बसतो का, हे विचारण्यात संकोच करू नये. ज्येष्ठांची सवलत नव्या जागेवरही लागू राहील ना, हेही तिथेच विचारावे, कारण काही क्लब ठरावीक भागांतच सवलत देतात.

आणि सामनाच नकोसा झाला असेल, तर त्यांचे म्हणणे मानावे. मात्र त्यांच्या नावाचे तिकीट सोडण्यापूर्वी ते कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करता येते का, हे पाहावे. बहुतेक क्लबांच्या अटींनुसार तिकीट ही क्लबाची मालमत्ता असते आणि परवानगीशिवाय ते हस्तांतरित करता येत नाही. काही क्लब जवळच्या नातेवाइकांपुरती सूट देतात. घरात कोणी लहान मूल सामन्याला येण्याच्या वयाचे झाले असेल, तर ती जागा त्याला मिळावी, हे आजोबांनाही आवडेल.

प्रश्न : एक हंगाम थांबून पुन्हा त्याच जागेवर परत येता येते का?

उत्तर : काही क्लब आजारपण, बाळंतपण किंवा परगावची नोकरी अशा कारणांसाठी एका हंगामाची विश्रांती देतात, इतर ठिकाणी सोडलेल्याला प्रतीक्षा यादीच्या शेवटी उभे राहावे लागते आणि साठवलेले निष्ठागुणही (नियमित येणाऱ्या प्रेक्षकाच्या नावे क्लब जमा करतो ते गुण) जातात. म्हणून अटींत चार गोष्टी शोधाव्यात : विश्रांतीची सोय आहे का, न जाता आलेल्या सामन्याची जागा क्लबाच्या अधिकृत पुनर्विक्रीतून देता येते का, हंगामात किमान किती सामन्यांना हजर राहण्याची अट आहे, आणि मार्च २०२० प्रमाणे सामने थांबले किंवा प्रेक्षकांविना खेळवले गेले, तर पैसे परत मिळतात का. जागा परस्पर ओळखीच्या माणसाला विकू नये. इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्याचे तिकीट परवानगीशिवाय विकणे हा गुन्हा आहे. गेल्या वर्षी आपोआप नूतनीकरणाला संमती दिली असेल, तर पैसे खात्यातून वळते होण्याआधी ती रद्द करावी लागते. हप्त्यांनी पैसे भरणाऱ्यांनी ते हप्ते क्लबाचे आहेत की एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जाचे, हे पाहून घ्यावे, कारण कर्ज असेल तर त्यावर व्याज लागू शकते आणि हंगामाच्या मध्यात तिकीट सोडले तरी ते फेडावेच लागते. विश्रांतीविषयी क्लबाने फोनवर काही कबूल केले असेल, तर ते मुदतीच्या आत लेखी मागवून घ्यावे.