गोल्फ कार्टमध्ये एटीव्हीचं इंजिन बसेल का?

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही जॉर्जियात पीचट्री सिटीला राहतो. इथे गावभर शंभरेक मैलांचे वेगळे पाथ आहेत, शाळा, किराणा, लायब्ररी, लोक सगळीकडे गोल्फ कार्टनेच फिरतात. मी १९९० च्या दशकातली एक पेट्रोलवाली गोल्फ कार्ट, क्लब कार डीएस, स्वस्तात घेतली, इंजिन जाम आहे. शेजाऱ्याकडे पोलारिस स्पोर्ट्समन ५०० ही एटीव्ही (कच्च्या रस्त्यावरची चारचाकी बाइक) पडून आहे, पुढचं सस्पेन्शन मोडलंय पण इंजिन झकास, आणि तो फुकट देतोय. माझ्याकडे वेल्डर आहे, मुलगा हायस्कूलला आहे आणि व्हिडिओ बघून बघून पेटलाय. चढावर दम लागू नये एवढंच हवंय, मुलाला अर्थात ४० मैलांचा स्पीड हवाय. घरच्या घरी हे इंजिन बसवता येईल का?
– एक वाचक, जॉर्जिया

उत्तर: बसेल हो. वेल्डर आणि ग्राइंडर हाताशी असला की कशातही काहीही बसतं. बसवल्यावर गाडी चालवण्यासारखी राहील का हा खरा प्रश्न, आणि त्याचं माझं उत्तर नाही असं आहे.

आधी हे बघा की गोल्फ कार्ट चालते कशी. तुमची १९९२ नंतरची असेल तर त्यात कावासाकीचं एफई २९० आहे, २८६ सीसी, साधारण ९ हॉर्सपॉवर. कुणाची तरी धडधाकट डीएस मागून घ्या आणि किल्ली फिरवून बघा, काहीच होत नाही. ॲक्सिलरेटरवर पाय दिला की स्टार्टर-जनरेटर बेल्टने इंजिन फिरवतो, इंजिन पकडतं, गाडी निघते, आणि पाय काढून गाडी थांबली की इंजिन पण बंद. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू राहणं, हा प्रकारच नाही. बाकीचं सगळं याच हिशोबाने बनवलंय, पुढचा क्लच (म्हणजे इंजिनवरची पुली, मागचा क्लच म्हणजे चाकांकडची) अगदी कमी आरपीएमला बेल्ट धरतो आणि फॉरवर्ड-रिव्हर्सचा दांडा इंजिन बंद असतानाच टाकायचा असं गृहीत धरलंय, आत फिरते गिअर अलगद जुळवणारं सिंक्रो बिंक्रो काही नाही.

आता त्या जागी सतत आयडलला धडधडणारं ४९९ सीसीचं इंजिन ठेवा आणि जुनेच क्लच ठेवा. गाडी स्टॉप साइनला उभी केली तरी पुढे सरकायला बघणार, ब्रेक दाबून बसायचं, आणि ड्राइव्हवेतून रिव्हर्स घ्यायला दांडा टाकला की आतून असा खर्रर्र आवाज येणार की शेजारी बाहेर येऊन बघेल. मग म्हणाल पोलारिसचे क्लच घेतो. पुढचा त्याच्या इंजिनवर येईल, पण मागचा पोलारिसच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टसाठी आहे, क्लब कारच्या ट्रान्सॲक्सलवर (गिअर आणि मागचा ॲक्सल एकत्र असलेला डबा) तसाच जात नाही, लेथवर ॲडाप्टर करून घ्यावा लागतो, बेल्टची रुंदी वेगळी, आणि दोन क्लचमधलं अंतर पोलारिसला जेवढं होतं तेवढंच ठेवावं लागतं, नाहीतर बेल्ट जळतो. शिवाय क्लचने सरकणं सुटलं तरी रिव्हर्सचा प्रश्न पूर्ण सुटत नाहीच.

या अंतराच्या भानगडीत घरचे जॉब सगळ्यात जास्त फसतात. डीएसमध्ये इंजिन आणि ट्रान्सॲक्सल एकाच सबफ्रेमवर आहेत, खड्डा आला की दोघं मिळून वर-खाली होतात. नवीन इंजिनला जागा पुरत नाही म्हणून लोक ते मेन चेसिसला ठोकतात, ॲक्सल मात्र लीफ स्प्रिंगवरच राहतो, मग प्रत्येक स्पीड ब्रेकरला बेल्ट ढिला, पुन्हा ताठ, पुन्हा ढिला. आणि तुम्ही वेल्डर आहे म्हणालात ते ठीक, पण क्लब कारची चेसिस ॲल्युमिनियमची असते. म्हणूनच ती गंजत नाही आणि म्हणूनच तुमच्या साध्या वेल्डरने तिला स्टीलचा ब्रॅकेट जोडता येत नाही, बोल्ट करावा लागेल आणि मधे रबर किंवा जाड पेंटचा थर हवा, नाहीतर स्टील-ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथून ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

कूलिंग पण बघा. तुमचं जुनं इंजिन एअरकूल्ड आहे पण फ्लायव्हीलवर स्वतःचा पंखा आणि त्यावर पत्र्याचं आवरण आहे, सीटखाली कोंडलं तरी चालतं. स्पोर्ट्समनचं लिक्विड कूल्ड, म्हणजे रेडिएटर पुढे नेऊन फ्लोअरखालून होज फिरवायचे, इलेक्ट्रिक फॅन लावायचा, वरच्या टोकाला हवा काढायची सोय ठेवायची. एअरकूल्ड एटीव्हीचं घेतलं असतं तर आणखी वाईट, त्या इंजिनाला वारा लागतो आणि सीटखाली वारा नसतो. एक्झॉस्ट तर सीटखाली पेट्रोल टाकीच्या शेजारूनच जाणार, त्याला हीट शील्ड हवंच हवं.

हे वाचूनही करायचंच असेल तर निदान इंजिन उतरवण्याआधी एक टेस्ट करा, फुकट आहे. बेल्ट काढा, मागची चाकं जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, दांडा फॉरवर्डला टाका. मुलाला एक चाक घट्ट धरायला सांगा (आत डिफरेन्शियल आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी फिरू शकतात, नाहीतर तेच उलटं फिरेल) आणि दुसरं चाक तुम्ही हाताने पुढच्या दिशेने फिरवा. मागचा क्लच ज्या दिशेने फिरेल त्याच दिशेने नवीन इंजिनचा क्लच फिरायला हवा, आणि तोही त्याच बाजूला असायला हवा. दिशा उलटी निघाली की फॉरवर्डला टाकून गाडी मागे जाते, मग लोक म्हणतात त्यात काय, दांडा उलटा वापरू. म्हणजे कायम रिव्हर्स गिअरवर गाव फिरायचं!

आता तुमच्या चिरंजीवांच्या ४० मैलांबद्दल. कार्ट साधारण १२ ते १५ मैलांना बांधलेली असते, डीएसच्या ट्रान्सॲक्सलला गव्हर्नर असतो, स्पीड वाढला की तो थ्रॉटल मागे ओढतो. पोलारिसच्या कार्बोरेटरला तो जोडलेला नसणार, म्हणजे लगाम गेला. १८ इंची टायर १५ मैलांना मिनिटाला २८० च्या आसपास फिरतो, ४० ला साडेसातशेच्या जवळ, आणि तो सगळा वेग थांबवायला तुमच्याकडे फक्त मागच्या दोन चाकांचे केबलवाले ड्रम ब्रेक. १५ वरून ४० म्हणजे ब्रेकला सातपट ऊर्जा खायची. पुढे ब्रेक नाही, सीट बेल्ट नाही, छोटा व्हीलबेस, आणि माणसं उंचावर बसलेली. वळणावर माणूस बाहेर फेकला जातो, हे कार्टचे नेहमीचेच अपघात आहेत.

कायद्याचंही आहे. अमेरिकेत १९९८ पासूनच्या फेडरल नियमात २० ते २५ मैलांच्या मधली चारचाकी ही लो-स्पीड व्हेइकल, तिला हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, काच, सीट बेल्ट, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) सगळं लागतं. २५ च्या वर गेली की ती त्या वर्गातही बसत नाही. तुमच्या गावात कार्ट रजिस्टर करावी लागते, तेव्हा पाथवर मुलं आणि म्हातारी माणसं चालतात तिथे ही गाडी नेणार कशी? इन्शुरन्सवाल्याला विचारून ठेवा, तो काय म्हणेल ते मला माहितीच आहे.

मग काय करावं? माझं मत सरळ आहे, स्पोर्ट्समन फुकट मिळतोय ना, तर त्याचं इंजिन काढू नका, त्याचं पुढचं सस्पेन्शन दुरुस्त करा. चालू इंजिनचा एटीव्ही सस्पेन्शनच्या एका मोडक्या ए-आर्मपायी फोडायचा म्हणजे ताकासाठी म्हैस विकण्यातला प्रकार. आणि कार्टमध्ये होंडा जीएक्स ३९० च्या जातीचं आडव्या शाफ्टचं इंजिन टाका, ३८९ सीसी, होंडाच्या आकड्यानुसार ११.७ हॉर्सपॉवर, एअरकूल्ड पण स्वतःच्या पंख्यासकट. हा स्वॅप इतका कॉमन आहे की माउंटिंग प्लेट, क्लचचा ॲडाप्टर, आणि मुख्य म्हणजे जुना स्टार्टर-जनरेटर लावायचा ब्रॅकेट रेडीमेड मिळतो. तो लावलात तर पाय दिला की चालू, काढला की बंद, हा कार्टचा स्वभाव तसाच राहतो आणि वर लिहिलेली अर्धी रड संपते. चढ आरामात चढेल. मुलाला वायरिंग करायला द्या, त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे.

प्रश्न: माझ्याकडे होंडा फोरट्रॅक्स ३०० एटीव्ही आहे, त्याच्या इंजिनात गिअर आणि रिव्हर्स आतच आहेत, मग कार्टला सोपं नाही का?
– टेक्ससहून

उत्तर: रिव्हर्सचं सोपं, बाकीचं नाही. त्यातून पॉवर शाफ्टने मागे येते आणि कार्टच्या ट्रान्सॲक्सलला बाजूने बेल्ट लागतो, दोघांचं जुळत नाही. होंडाचा मागचा ॲक्सल पण सोबत घ्यावा लागेल, आणि तो सॉलिड आहे, डिफरेन्शियल नाही. चिखलात मस्त, पण डांबरी रस्त्यावर तीव्र वळणाला गाडी सरळच ढकलते आणि टायर खाते. शेतावर, रँचवर फिरवायची असेल तर करा, सोसायटीत नको.

प्रश्न: काका, आमच्या ह्यांनी गॅरेजमध्ये असंच इंजिनचं काम काढलंय. मिनेसोटात थंडी असते म्हणून दार बंद करूनच चालू करून बघतात, म्हणतात दोनच मिनिटं. चालतं का?
– एक वाचक

उत्तर: वहिनी, अजिबात नाही. दोन मिनिटंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागतं, झोप आल्यासारखं होतं आणि माणूस तिथेच बसतो. ट्यूनिंग चालू असलेलं, रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चालणारं इंजिन तर हा गॅस जास्तच सोडतं, आणि गॅरेज घराला जोडलेलं असेल तर तो दाराखालून घरात पण येतो. दार थोडं वर करून पण भागत नाही, गाडी ढकलून बाहेर न्यायची आणि मग चालू करायची. घरात झोपायच्या खोल्यांजवळ सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म आहे का ते आजच बघा, बटण दाबून टेस्ट करा. आणि पेट्रोलची लाइन उघडी असताना वॉटर हीटरचा पायलट (सतत जळणारी छोटी ज्योत) पेटलेला नाही ना, हे पण ह्यांना विचारा.