तारीख पुढे गेली. ती गोळी कुणी दिली?

स्पर्धा पुढे ढकलली की पहिल्या आठवड्यात प्रशिक्षकांचे फोन येतात, दुसऱ्यात आई-वडिलांचे. प्रश्न तेच. गोव्याला खरं तर याची सवय हवी. ३६वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे व्हायची होती. ती पुढे पुढे जात २०२० पर्यंत आली, मग करोना. अखेर ३६वी २०२२ मध्ये गुजरातला झाली आणि आपल्या वाट्याला ३७वी आली, २०२३ मध्ये. तेवढ्यात ऐन भरात असलेली काही मुलं दमून खेळच सोडून गेली, हे मी फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात बसून पाहिलं आहे. म्हणून त्याच प्रश्नांची उत्तरं पुन्हा एकदा.

मी कांपालच्या तलावावर पोहतो. आठ दिवस उरले असताना स्पर्धा सात आठवडे पुढे गेली. टेपर सुरू झाला होता, तो तसाच चालू ठेवू का?

नको. टेपर म्हणजे शेवटच्या दोनेक आठवड्यांत मीटर चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करायचे, वेग तोच ठेवायचा आणि साठलेला थकवा उतरवायचा. तो ताजेपणा सात आठवडे पुरत नाही, खालचा पाया झिजायला लागतो. चार-पाच दिवस पाण्यात उतर, पण घड्याळ न लावता. मग नव्या तारखेपासून मागे मोजत ये. पूर्ण सुट्टी मात्र घेऊ नकोस: दम दोन आठवड्यांत उतरू लागतो, ताकद तीन-चार आठवडे तग धरते. किती मीटर ते सरांसोबत बसून ठरव, तो माझा प्रांत नाही.

दोन दिवस ताप आहे. सराव बुडवू का?

बुडव. तापात जोर काढला तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. पावसाळ्याचे दिवस आहेत, डेंगीची तपासणी करून घे.

स्पर्धा पुढच्या वर्षात गेली तर मुलगा वयोगटातून बाहेर जाईल. काही करता येईल का?

संघटनेला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. टोकियो ऑलिंपिक २०२० वरून २०२१ ला गेलं तेव्हा पुरुष फुटबॉलची तेवीस वर्षांची अट एका वर्षाने सैल केली होती. तेव्हा विचारण्यात गैर काही नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा, बॉक्सर. गटापेक्षा दोन किलो वर आहे. मागच्या तारखेला पाणी बंद करून, रेनकोट घालून पळवून वजन उतरवलं होतं. आता पुन्हा तेच करायचं आहे. जिमवाल्याने 'पाणी काढायच्या' गोळ्या आणि एक 'आयुर्वेदिक' पावडर दिली आहे. देऊ का?

ताई, तुमचं पत्र वाचून चहा गार झाला. गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. फ्युरोसेमाइड किंवा तशा जातीचं काही असेल, तर ते सूज आणि हृदयाच्या रुग्णांचं औषध आहे. त्याने चरबीचा एक ग्रॅम जात नाही. जातं ते पाणी, आणि पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम. पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके चुकतात. शिवाय या गोळ्या 'वाडा'च्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहेत, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. 'मला माहीत नव्हतं' हे 'नाडा'पुढे, म्हणजे आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेपुढे, चालत नाही. पंधराव्या वर्षी शिक्षा सौम्य होऊ शकते, पण दोष लागतोच.

रेनकोटचं ऐका. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दीड महिन्याच्या आत गेले. तिघेही वजन उतरवताना, उष्णतेत, घाम कोंडणारे कपडे घालून व्यायाम करत होते. आपल्याकडे हवाच इतकी दमट की साध्या बनियनवरचा घामही वाळत नाही. त्यावर रेनकोट! आणि तारीख पुढे गेली म्हणून हा खेळ दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा गेली तर तिसऱ्यांदा?

पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. ती अनुभवी, पाठीशी तज्ज्ञांचं पथक. तुमच्या घरी आहे एक जिमवाला.

त्या पावडरच्या डब्यावर एफएसएसएआयचा क्रमांक आहे म्हणून तो तुम्हाला पटवत असेल. तो खाद्यपदार्थ विकायचा परवाना. आत बंदी घातलेलं काही नाही, याची हमी तो देत नाही. 'आयुर्वेदिक' हा शब्द छापायला शाई लागते, एवढंच.

मुलगा वाढतोय, ताई. हाडं लांब होताहेत, तर वजन वाढणारच. वरच्या गटात खेळवा. प्रशिक्षक ऐकत नसतील तर त्यांना घेऊन या, मी बोलतो. गेल्या वेळी वजन उतरवताना चक्कर, पोटऱ्यांत गोळे, छातीत धडधड असं काही झालं होतं का? झालं असेल तर या आठवड्यातच ईसीजी आणि रक्तातले क्षार तपासून घ्या. आणि पेज बंद केली असेल तर ती आजपासून सुरू करा.

पाळी लांबवायची गोळी मागच्या तारखेसाठी घेतली होती. नव्या तारखेसाठी पुन्हा घेऊ?

मैत्रिणीच्या सांगण्यावरून नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव आणि तुझी डोपिंग चाचणी होऊ शकते हे त्यांना आधी सांग. आणि पाळी तीन महिने आलीच नसेल तर ती 'फिटनेसची खूण' नव्हे. खाणं कमी पडत असू शकतं. तसं असेल तर लगेच ये.

तारीख बदलल्यापासून झोप लागत नाही, सरावाला जावंसं वाटत नाही.

काही दिवस असं वाटणारच. दोन आठवडे तेच राहिलं तर समुपदेशकाला भेट. रात्री फार जड गेलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

फुटबॉल खेळताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला, सूज आली. मालीश करून घेतो आहे. आता वेळ मिळाला आहे, चवथ झाल्यावर दाखवू?

चवथ होईपर्यंत थांबू नका. 'कट्' आणि मग सूज, म्हणजे आधी स्नायुबंध (लिगामेंट) तपासायचा, नंतर मालीशवाला. स्नायुबंध तुटला असेल तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला साधारण नऊ महिने धरा. त्यात एक दिवसही फुकट घालवायचा नाही. तोवर काठी धरून चाला, बर्फ लावा, तेलाची बाटली कपाटात ठेवा आणि सोमवारी एक्सरे घेऊन या.