वाचकांचे प्रश्न: रायफल पुसायला नक्की कुठलं फडकं?

प्रश्न: नमस्कार काका. वडील फौजेतून रिटायर झाले तेव्हा त्यांनी लायसन्सवर इशापूरची .३१५ रायफल घेतली होती, आता ती रीतसर माझ्या नावावर झालीय. आम्ही संगमेश्वरकडचे, पावसाळ्यात इकडची हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. दोन त्रास आहेत. दस्त्याचं लाकूड पकडीपाशी काळं पडत चाललंय, आणि बॅरलवर हात लागला की आठवड्याभरात बोटांचे ठसे गंजाचे होऊन उमटतात. मी गाडीसाठी आणलेलं मायक्रोफायबरचं फडकं वापरतो, एकाच फडक्याने सगळं पुसतो. बायको म्हणते जुन्या साडीचे तुकडे घे. कुणाचं खरं?
– एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर: वहिनींचं खरं, फक्त साडी सुती हवी. पॉलिस्टरची असेल तर ती तेल शोषत नाही, नुसती इकडून तिकडे फिरवते.

पण तुमचा मूळ घोळ कापडाचा नाहीच, तो "एकाच फडक्याने सगळं" ह्या तीन शब्दांत आहे. नळीतून काढलेलं काळं, बाहेरच्या लोखंडाचं तेल, सगळं त्याच फडक्यातून लाकडावर जातं आणि मुरतं. मिनरल गन ऑइल लाकडात वाळत नाही, ते आत आत जात राहतं, लाकूड काळं आणि हळूहळू मऊ होतं, आणि नेमकं जिथे लोखंड लाकडात बसतं तिथेच मऊ झालं की फायरच्या धक्क्याने चीर पडते. दुसरं एक कारण म्हणजे रायफल उभी ठेवायची सवय. तेल भरपूर लावून नळी वर करून ठेवली की ते ओघळून पकडीपाशीच जमतं. तेल कमी लावा, आणि लावल्यावर पहिली रात्र खाली फडकं अंथरून तोंड खाली करून ठेवा. ह्याने पुढचं थांबेल, आत मुरलंय ते काढायचं काम मात्र लायसन्सवाल्या गनस्मिथकडे द्या, घरी सँडपेपर घेऊन बसू नका, हात जोडून सांगतो.

आता फडकी. मी नोकरीची बरीच वर्षं कोतमध्ये काढली (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पलटणीचं शस्त्रागार), तिथे तीन ढीग वेगळे असायचे आणि घरीही मी तेच करतो, तीन डबे, डब्यावर मार्करने लिहिलेलं, नळी, लोखंड, लाकूड. लाकडाच्या डब्यातलं फडकं मेलं तरी लोखंडाला लावत नाही.

नळीसाठी पांढरंच कापड. रंगीत घेतलंत तर तुम्हाला काही वाचता येणार नाही. पांढऱ्या चिंधीवर काळं आलं तर जळालेल्या बारूदाचा कार्बन, तांबूस तपकिरी आलं तर गंज, आणि अमोनियावालं सॉल्व्हंट वापरलं असेल आणि निळं-हिरवं आलं तर गोळीच्या जॅकेटचं, म्हणजे वरच्या वेष्टनाचं, तांबं. शिसं करडं दिसतं. चिंधी कोरडी आणि स्वच्छ बाहेर आली की थांबायचं, आणि मग तेलाची एक. सगळ्यात छान फ्लॅनेल, आमचे आजोबा फलालीन म्हणायचे, त्याची लव चरांमध्ये, म्हणजे रायफलिंगमध्ये, नीट जाते. ते नसेल तर जुनी बनियान. जुनीच हं, पन्नास वेळा धुतलेली, कारण तिचे धागे सुटायचे ते सुटून गेलेले असतात. दुकानातून नवा मांजरपाट आणलात तर त्याला खळ असते, गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढल्याशिवाय तो पाणीही पीत नाही आणि तेलही पीत नाही.

बाहेरच्या लोखंडाला वेगळं सुती फडकं, हाताच्या पंजाएवढं, त्यावर तेलाचे चार-पाच थेंब टाकायचे, घडी करून एक रात्र झाकणाच्या डब्यात ठेवायचं म्हणजे तेल सगळीकडे पसरतं. हात लावायला ओलं न वाटता बोटाला किंचित चकाकी आली पाहिजे इतकंच. बोटांचे ठसे म्हणजे घाम आणि घामातलं मीठ, ते कोकणातल्या हवेत पाणी ओढतं आणि लोखंड खातं, त्यामुळे ठेवून द्यायच्या आधी शेवटचा हात ह्या फडक्याचा, आणि फडक्यानेच धरून कपाटात. मायक्रोफायबर मी इथे का नको म्हणतो तर ते कोरडं फिरवलं की लोखंडावरचा तेलाचा पातळ थरही पुसून नेतं, तुम्हाला वाटतं चकचकीत झालं आणि खरं तर ते उघडं पडलेलं असतं. शिवाय त्यात एकदा वाळूचा कण अडकला की सहज सुटत नाही, आणि ब्लूइंग म्हणजे लोखंडाचाच अगदी पातळ थर, ओरखडा गेला की गेला. ह्याच कारणासाठी पितळेचं पॉलिश, हिरवी घासणी, चुलीची राख ह्यांतलं काही नको, राख समईला ठीक. टर्किश टॉवेलचे फासे फोरसाइटला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या माशीला, अडकतात, जीन्सचे तुकडे घेताना शिवण आणि बटणं कापून टाका. आणि रायफल कव्हरमध्ये घालून पावसाळाभर ठेवत असाल तर जगातलं कुठलंच फडकं तुम्हाला वाचवणार नाही, कव्हर ओल धरतं.

लाकडाला कोरडं, मऊ, तेल न लागलेलं सुती. चेकरिंगमध्ये, म्हणजे पकडीवर कोरलेल्या चौकड्यांत, मळ असेल तर जुना टूथब्रश. बाजारात सिलिकॉनची फडकी मिळतात, लोखंडाला चालतात, पण लाकडाला लावू नका, पुढे कधी पॉलिश करायचं म्हटलं तर सिलिकॉनवर ते धरत नाही.

वर्षातून एकदा जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं, तळहाताने घासून लावायचं, पाव तासाने जास्तीचं पुसून घ्यायचं. आणि हे पुसलेलं फडकं, हे नीट वाचा. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या कापडातून ती उडून जाते, बोळा करून टाकलेल्यात ती आतच साठते आणि बोळा आपोआप पेटू शकतो, काडी न लावता. मी स्वतः एकदा असा बोळा पडवीतल्या प्लॅस्टिकच्या बादलीत टाकून जेवायला बसलो होतो, तासाभराने बायको विचारतेय की काय करपतंय, जाऊन पाहतो तर बोळ्यातून धूर आणि बादलीची कड वाकलेली. तेव्हापासून हे फडकं मी अंगणात दगडावर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवतो, किंवा लगेच पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावतो.

(रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासल्याशिवाय फडकं हातात घ्यायचं नाही, हे तुमच्या वडिलांनी शिकवलं असेलच, तरी लिहितो.)

प्रश्न: २०२४ ला आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हापासून मुलीने हट्ट धरला आणि ती आता १० मीटर एअर रायफल शिकते. तिच्या रायफलला रोज तेल लावावं का? घरात शिवणयंत्राचं तेल आहे. आणि तिची फडकी मी घरच्या कपड्यांत धुते, चालेल ना?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, शिवणयंत्राचं तेल शिवणयंत्रालाच. एअर रायफलमध्ये बारूद नाही, कार्बन नाही, त्यामुळे नळीत रोज काही करायचं नसतं, कोचने सांगितलं की फेल्टचे पेलेट, म्हणजे नळी पुसायला त्यातून सोडायचे नमद्याचे छोटे बोळे, तेही कोरडे. तिच्या रायफलमध्ये हवेचं सिलिंडर असेल तर त्या बाजूला घरातलं तेल लागूच देऊ नका, दाबाखालची हवा आणि साधं तेल हे धोक्याचं आहे. रोज फक्त गालाचा आणि हाताचा घाम पुसायचा, दस्ता लाकडाचा असो की ॲल्युमिनियमचा. इथे मात्र मायक्रोफायबर चालेल, धुतलेलं आणि सॉफ्टनर न घातलेलं.

फडकी घरच्या कपड्यांत नको. एअर रायफलचे पेलेट, म्हणजे छर्रे, शिशाचे असतात, ते शिसं फडक्यावर येतं. वेगळ्या बादलीत धुवा किंवा बनियानचे तुकडे वापरून टाकून द्या. आणि मुलीला सांगा, रेंजवरून आली की आधी साबणाने हात, मग वडापाव. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही, आम्ही त्याच हाताने चहात पाव बुडवायचो.

प्रश्न: सर, कॅम्पमध्ये उस्ताद म्हणाले चिंदी ४ बाय २ चीच पाहिजे. का ते सांगितलं नाही. मी विचारलं तर ग्राउंडला चक्कर मारायला लावली.
– एक एनसीसी कॅडेट, सातारा

उत्तर: चक्कर तर आम्हीही मारल्या बाळा. ते माप .३०३ एनफील्ड रायफलच्या काळचं, इंग्रजांचं. ४ इंच बाय २ इंच फ्लॅनेल पुलथ्रूच्या, म्हणजे नळीतून ओढायच्या वजन लावलेल्या दोरीच्या, फाशात घातलं की नळीत घट्ट बसतं, चरांच्या तळापर्यंत पोचतं, आणि तरी एका ओढीत बाहेर येतं. तेलाची चिंदी मात्र ४ बाय दीड, कारण ती तेवढीच घट्ट असली तर तेल नळीच्या तोंडाशीच पिळून जातं, आत काही उरत नाही. तुमच्या .२२ रायफलची नळी बारीक, तिथे मोठी चिंदी कोंबलीस तर अडकेल, म्हणून उस्ताद कापून देतात तेवढीच वापर. एनफील्डच्या पुलथ्रूला तीन फासे असायचे, एक नळी घासायच्या तारेच्या जाळीला, एक चिंदीला, आणि तिसरा फक्त चिंदी अडकली तर उलटी ओढून काढायला. आमच्या बॅचमध्ये तो तिसरा फासा सगळ्यात जास्त वापरलेला माणूस मीच.